नातवाची कयाक आणि माझी होडी

मंडळी, गेले तीन आठवडे आमच्या घरात एका बोटीवरून भांडण चालू आहे. ही बोट आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तरी नांदेड, लातूर आणि पुणे अशा तीन गावांत मिळून तिच्यावर रोज तासभर फोन होतात. सगळ्यांना माझं मत हवं आहे, आणि मला ते फोनवर नीट सांगता येत नाही. मास्तर माणूस, सुरुवात केली की तास संपेपर्यंत थांबत नाही, आणि हल्ली समोरचा मध्येच फोन ठेवतो! म्हणून इथे लिहितो आहे. लातूरकरांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

तर झालं असं. माझा थोरला नातू (लेकीचा मुलगा) पुण्यात शिकतो. त्याने यंदा पावसाळ्यात कयाक शिकायचा वर्ग लावला. दर शनिवार-रविवारी ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जायचं आणि कुंडलिका नदीत शिकायचं. आमच्या धाकट्या बहिणीला कयाक म्हणजे आधी काहीतरी खायचा पदार्थ वाटला. तसं नाही. ही अगदी अरुंद, एका माणसापुरती होडी असते. पाय पुढे लांब करून आत बसायचं, कंबरेभोवती एक रबरी झालर ताणून बसवायची म्हणजे आत पाणी येत नाही, आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं उजवीकडे-डावीकडे मारत जायचं. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून अशी होडी करत आणि तिच्यातून शिकारीला जात. आता ती प्लॅस्टिकची मिळते.

सहा वर्ग ठरले होते. त्यातले तीन रद्द झाले. शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, नातवापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या. एकदा तर सगळी मुलं पहाटे निघून तिथे पोचली, कपडे बदलून काठावर उभी राहिली, आणि बाई पाण्याकडे बघून म्हणाल्या, "आज नाही." मुलं परत पुण्याला. वर दुपारी लख्ख ऊन पडलं! नातवाचा फोन आला तेव्हा तो चिडलेला होता. "आजोबा, उगाच घाबरतात त्या. ऊन होतं हो दुपारी!" जावईबापूंचं म्हणणं, निम्मे पैसे परत मागावेत. आणि लेकीचं म्हणणं, पैसे गेले खड्ड्यात, आधी हे सगळं बंद करा. ती मला म्हणाली, "अप्पा, तो फक्त तुमचं ऐकतो. तुम्ही नाही म्हणा."

मी अजून नाही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. का ते सांगतो. पण त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, जी मी चाळीसहून अधिक वर्षं कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्या दिवंगत काकूंनाही नाही.

आधी त्या कुंडलिकेचं. ही नदी आपल्या गोदावरी-मांजरेसारखी नाही. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, तिथे वीज तयार होते आणि ते पाणी पुढे कुंडलिकेत येतं. म्हणून भर उन्हाळ्यातही ठरावीक वेळेला ती वाहते, आणि तिथला सगळा होड्यांचा धंदा त्या वेळापत्रकावर चालतो. पावसाळ्यात मात्र वेळापत्रकाच्या वर ताम्हिणीचा पाऊस येऊन पडतो. घाटात किती कोसळेल ते खाली कोलाडला उभं राहून दिसत नाही. खाली ऊन असतं, आणि वर पडलेलं पाणी वाटेत असतं. नातवाला दिसलं ते ऊन. बाईंनी बघितला काठावरचा एक दगड. तो सकाळी अर्धा दिसत होता, तासाभरात बुडाला, पाण्याचा रंग बदलला आणि काटक्या-पाला वाहून यायला लागला. हे नातवानेच मला सांगितलं, अर्थात तक्रार म्हणून! मी मात्र तो दगड ऐकला आणि बराच वेळ काही बोललोच नाही. त्याला वाटलं रेंज गेली.

१९८२ साल. मी एकतीस वर्षांचा होतो. नांदेडच्या खाली गोदाकाठच्या एका गावात माध्यमिक शिक्षक. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नात्यातल्यांना ते ठाऊक आहे. तेव्हा तिथे पूल नव्हता. पलीकडच्या काठावरची पंधरा-वीस मुलं रोज होडीने शाळेत येत. होडी एका भोयाची. मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही भोईमामाच म्हणायचो. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, अंगठेबहाद्दर, पण नदीचं पान न् पान वाचलेला. घाटाच्या खाली देवळाच्या पायऱ्या होत्या, त्यांतली कितवी पायरी ओली आहे त्यावरून ते होडी घालायची की नाही ते ठरवत. पावसाळ्यात वर्षाला वीसेक दिवस पलीकडची मुलं गैरहजर असायची. हजेरीपटावर मी त्यांना लाल शाईने गैरहजर मांडायचो. हे आठवलं की आजही लाज वाटते.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेचं लेझीम पथक होतं. पथक मी बसवलेलं. दोन महिने तालमी घेतल्या होत्या. पथकात चोवीस मुलं, त्यांतली नऊ पलीकडची, आणि तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मी सकाळी सहाला घाटावर गेलो. आभाळ स्वच्छ. नांदेडकडे गेल्या चार दिवसांत टिपूस नव्हता. भोईमामा पायरीवर बसले होते. म्हणाले, "गुर्जी, आज नगं. पाणी चढायलंय."

मी म्हटलं, पाऊस कुठे आहे?

"हितं नाई. वर कुठंबी पडला आसल. पूर्णंकडं."

पूर्णा नदी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. तिच्या खोऱ्यात पडलेला पाऊस आमच्याकडे उशिराने यायचा. हे मला भूगोलात ठाऊक होतं, नव्हे, मी ते आठवीला शिकवत होतो! पण त्या सकाळी मला चोवीस लेझमी दिसत होत्या. मी त्यांना म्हणालो, की ध्वजवंदनाला उशीर झाला तर जबाबदारी तुमची. आणि आणखी एक वाक्य बोललो. "मामा, तुम्ही भिलात का?"

त्या वाक्यावर ते उठले.

जाताना काही झालं नाही. येताना मधोमध ओढ वाढली होती. होडी खाली ढकलली जाऊ लागली आणि काठाजवळ पाण्यात उभ्या असलेल्या एका बाभळीवर आडवी आदळली. मुलं एका अंगाला कलली. सातवीतला एक मुलगा पाण्यात गेला. किती वेळ ते मला सांगता येत नाही. भोईमामांनी वल्हं माझ्या हातात कोंबलं आणि उडी घातली. मी ते वल्हं धरून उभा होतो. बी.ए., बी.एड. माणूस, नदीकाठच्या शाळेत सहा वर्षं नोकरी, आणि वल्हं कसं धरायचं ते मला येत नव्हतं. पोहायलाही येत नव्हतं. त्यांनी मुलाला सदऱ्याला धरून बाभळीपाशी आणलं. पोरगा पाणी प्यालेला होता, ओकला, रडला. वाचला.

त्या दिवशी ध्वजवंदन वेळेवर झालं. लेझीमही झालं, तेवीस मुलांचं. चोविसावा ओल्या कपड्यांत वर्गात बसला होता, त्याला मी बुंदीचे दोन लाडू दिले. पाय घसरून घाटावर पडला असं मी हेडमास्तरांना सांगितलं, त्याच्या वडिलांनाही तेच सांगितलं. भोईमामा तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. पुढे सात-आठ वर्षांनी ते वारले. तोवर मी त्या गावात नव्हतो. माफी मागायची राहून गेली.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण तीन वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नात तो मुलगा भेटला. आता मुलगा कसला, पन्नाशी उलटलेला गृहस्थ! पाया पडला, बायकोची ओळख करून दिली. मग सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, तेव्हापासून मी नदीत पाय घातला नाही. पोरांनाही जाऊ देत नाही." त्याला तीन मुलं. एकालाही पोहता येत नाही. आणि त्याचं शेत नदीकाठीच आहे. गुरं, मोटार, पाइप, सगळं त्या काठावर. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून लेकीला माझं सांगणं असं आहे, की तू ज्याला काळजी म्हणतेस ती मी पाहिलेली आहे, एका घरात पुढच्या पिढीला वाटून दिलेली. पोराला पाण्यापासून लांब ठेवलं की पोर सुरक्षित राहतं असं आपल्याला वाटतं. पण आपल्या भागात पाणी काही आपल्याला विचारून येत नाही. तू स्वतः लातूरला राहतेस. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ती 'जलदूत' गाडी बघायला तू याच नातवाला कडेवर... नाही, कडेवर कसा, अकरा वर्षांचा होता, हाताला धरून नेलं होतंस. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला लातूर जिल्ह्यात इतकं कोसळलं की मांजरेला पूर आला! एकाच वर्षात रेल्वेचं पाणी आणि पुराचं पाणी. आपल्या पोरांनी पाणी एकतर घागरीत बघायचं, नाहीतर घरात शिरलेलं बघायचं. मधलं, रोजचं, ओळखीचं पाणी त्यांनी बघावं कुठे?

आमच्या नांदेडचंही तेच. नागिना घाटावर उभं राहिलं की गोदावरी समोर आहे. वर विष्णुपुरीला पाणी अडवलं आहे, तेच शहराला प्यायला येतं. त्या विष्णुपुरीला विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. हजारो पोरं तिथे शिकतात. त्यांतल्या किती जणांनी ते पाणी खिडकीतून बघण्यापलीकडे काही केलं असेल? आणि नदी तर विलक्षण फसवी. शहरात कोरडं ठणठणीत असतं, आणि वर जायकवाडीचे, सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले की इथे घाट बुडतात. २०२५ च्या सप्टेंबर अखेरीला पुन्हा ते पाहिलं. (खाली धर्माबादकडे बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलैला उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे असतात. दरवाजांना तारीख लावून देता येते, पावसाला कोण देणार!) हवामान खातं आता यलो, ऑरेंज, रेड असे रंग पाठवतं. चांगलं आहे. पण तो रंग सबंध जिल्ह्याचा असतो. आपल्या घाटाखालच्या पायरीचा रंग कुणीतरी तिथे उभं राहूनच बघावा लागतो.

आता कुणी म्हणेल, मास्तर, पोहता आलं, वल्हवता आलं म्हणून काय पुरातून सगळे वाचतात? नाही वाचत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुखेड तालुक्यात लेंडीचं पाणी हसनाळ, रावणगाव या गावांत रात्री झोपेत शिरलं. माणसं गेली, गुरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला कयाकचा काय उपयोग? तिथले प्रश्न वेगळे आहेत, आणि ते सरकारला विचारायचे आहेत. मी त्याची सरमिसळ करत नाही.

पण दुसरी एक गोष्ट बघा. संभाजीनगर जिल्ह्यातलं भिवधानोरा. जायकवाडीचं फुगवट्याचं पाणी गावाच्या वाटेवर येतं. तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातांनी पाणी मारत शाळेत जायची. २०२३ साली ही बातमी सगळ्या देशाने पाहिली, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या फोटोतली मुलं मला अजून दिसतात. अरे, ही मराठवाड्याची कयाकच की! फक्त तिच्यात झालर नाही, जाकीट नाही, डोक्याला टोप नाही, आणि काठावर "आज नाही" म्हणणारं कुणी नाही. आपल्याकडे पोरं पाण्यात जात नाहीत हे खोटं आहे. जातात. म्हशीमागे जातात, गणपती विसर्जनाला जातात, शाळेसाठी जातात. शिकवणाऱ्याशिवाय जातात इतकंच.

'दुष्काळी भागातल्या पोरांना कसली आलीय कयाक' हा टोमणा आमच्या साडूंनी मारलाच आहे. त्यांच्यासाठी दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, पाण्याची टंचाई असलेलं. पोरगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. २०१२ मध्ये फौजेत गेला आणि तिथे पहिल्यांदा वल्हं हातात धरलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकट्याच्या नौकेत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक! (ती कयाक नव्हे, रोइंगची नौका. तिच्यात पाठीमागे तोंड करून वल्हवतात. नातवाने चूक काढायच्या आत सांगून टाकतो.) वल्हं हातात आल्यावर चार वर्षांत ऑलिम्पिक. त्याला ते गावात, शाळेत असताना मिळालं असतं तर?

आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकवत. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि काका वरून ढकलून द्यायचे. मला एकदा ढकललं, मी इतका किंचाळलो की आईने कायमचं बंद केलं. त्याचा शेवट काय झाला तो वर लिहिलाच आहे. नातवाच्या वर्गात ढकलत नाहीत. पहिल्या दिवशी साठलेल्या पाण्यात मुद्दाम होडी उलटी करायला लावतात. डोकं खाली, पाय वर. घाबरायचं नाही, पुढची दोरी ओढून झालर सोडवायची, आणि बाहेर यायचं. हे जमल्याशिवाय वल्हं मारायला शिकवतच नाहीत. मला हे फार आवडलं. आमच्या डी.एड., बी.एड.ला कुणी आधी चूक करून त्यातून बाहेर यायला शिकवलं असतं तर!

आता जावईबापूंच्या पैशांबद्दल. मोठ्या आदराने लिहितो, की ते परत मागू नयेत. ज्या तीन दिवशी वर्ग झाला त्या दिवशी पोरगा वल्हं मारायला शिकला. ज्या तीन दिवशी झाला नाही त्या दिवशीची फी मला उलट स्वस्त वाटते. पंधरा-वीस जण पहाटे उठून आलेले, प्रत्येकाने पैसे भरलेले, सगळे तोंडं वाकडी करून उभे, आणि एक तरुण बाई एकटी त्यांच्यासमोर उभी राहून नाही म्हणते. वर दुपारी ऊन पडून तिला खोटं पाडतं! पुढच्या वेळी तिला नाही म्हणणं आणखी जड जाणार. अशा वेळी आपण पैसे परत मागितले, तर आपण तिला काय विचारतो आहोत? मी १९८२ साली विचारलं होतं तेच. भिलात का?

नांदेडला, लातूरला कुणी असा वर्ग काढला तर हवाच आहे. विष्णुपुरीच्या पाण्यावर, मांजरेच्या एखाद्या बंधाऱ्यावर. चार होड्या, वीस जाकिटं आणि एक माणूस. होड्या-जाकिटांचे पैसे उभे राहतील, देणगीदार पुष्कळ. माणूस मात्र असा हवा, की ज्याच्या 'आज नाही' वर पालक, साहेब, पुढारी कुणी वाद घालणार नाही. आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही. नदीकाठच्या गावांत जुन्या भोई घराण्यांतले लोक अजून आहेत. त्यांना गुरुजी म्हणून नेमा की! बी.एड. विचारू नका.

परवा रात्री नातवाशी बोललो. ही होडीची गोष्ट त्याला आधी सांगितली, मगच इथे लिहिली. तो गप्प झाला. मग विचारलं, "आजोबा, मामांनी नंतर कधी तुम्हाला होडीत घेतलं?" घेतलं. पुढची चार वर्षं रोज घेतलं. पण त्यानंतर ते मला कधी "आज नगं" म्हणाले नाहीत. ज्या दिवशी जायचं नसे त्या दिवशी ते घाटावर यायचेच नाहीत.

लेक येत्या शनिवारी पुण्याला जाते आहे, रविवारी त्याच्याबरोबर कोलाडला जाऊन काठावर बसणार म्हणते. मी तिला छत्री आणि थर्मास न्यायला सांगितलं आहे. रायगडला आत्ता ऑरेंज दाखवतं आहे.